पानं कातरणाऱ्या माश्यांच्या ३८ कोठड्या फ्रिजमध्ये ठेवल्या, निघाल्या फक्त ३. चुकलं कुठं?

कांडीवाली:

नमस्कार. मी सोलापूरची, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रकल्प एकांड्या माश्यांवर आहे. म्हणजे ज्या मोहोळ करत नाहीत, राणी-कामकरी भानगड नाही, प्रत्येक मादी आपापलं घर बांधते आणि आपापली मरते, त्या. विषय मीच हट्टानं घेतला, त्यामुळं आता रडायलाही तोंड नाही.

सुरुवात पप्पांच्या कारखान्यात झाली. टॉवेलचे चार माग आहेत आमचे. मागच्या वर्षी आजी गेली तेव्हा बारा-तेरा दिवस बंद होते. उघडल्यावर पप्पांनी पेटीतून लाकडी कांडी, म्हणजे मागावर सूत गुंडाळायची नळी, उचलली, तर बुडाच्या भोकात हिरवं काहीतरी कोंबलेलं. त्यांना वाटलं पोरांनी कागद घातला. मी सुईनं उकरलं तर पानाचे गोल तुकडे, एकावर एक, पंचिंग मशीननं पाडल्यासारखे. दारातल्या बोगनवेलीची पानं बघितली तर कडेनं तेवढ्याच मापाचे चंद्र कापलेले. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

या ऑगस्टमध्ये गच्चीवर बांबूच्या आणि एरंडाच्या पोकळ नळ्या लावल्या, सोबत पप्पांच्या मोडक्या कांड्या. सप्टेंबरअखेर ३८ कोठड्या मिळाल्या. कोठडी म्हणजे एका पिल्लाचं घर, आत एक अंडं आणि त्याचं खाणं. सगळ्या पानांच्या, म्हणजे मेगाकाइल, पानं कातरणाऱ्या माश्यांचं शास्त्रीय नाव. वेगवेगळ्या तापमानाला वाढ किती दिवसांत होते हे मोजायचं होतं. वाचलेले पेपर बहुतेक युरोपातल्या ऑस्मियाचे, तीही एकांडी माशीच. त्यात कोष ४ अंशाला ठेवून हिवाळा दाखवतात, मग बाहेर काढतात. मी तसंच केलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर फ्रिज, मग बीओडीत, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या लॅबच्या कपाटात, २८ अंश. तीन आठवड्यांत ३ निघाल्या, तिन्ही नर, एकाचे पंख चुरगळलेले. बाकीच्या उघडल्या तर काही काळ्या, काही मनुक्यासारख्या आकसलेल्या.

त्याआधी दहा अंडी काढून दुकानातून आणलेल्या मधमाशीच्या परागावर ठेवली होती. चौथ्या दिवशी बुरशी. तीन माद्या जाळीच्या पिंजऱ्यात ट्यूबलाइटखाली ठेवल्या, कापसावर साखरपाणी दिलं. त्या कोपऱ्यात बसून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मेल्या.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, सुट्टीनंतर दुसरी बॅच लावायची आहे. गाइड सर म्हणतात विषय बदल, साधी मधमाशी घे. कुणी या माश्या लॅबमध्ये वाढवल्यात का?

चौथा_मजला:

उत्तर नाही, उलट प्रश्नच आहे. आमच्या हॉलमधल्या प्लगच्या भोकात असल्याच कुठल्यातरी माशीनं माती भरलीय. वायरमन हात लावायला तयार नाही. चावते का ही?

जुना_परिचर:

कांडीवाली, आधीच सांगतो, मी सर नव्हे. कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं परिचर होतो. झुरळं, बेडूक, ड्रोसोफिलाच्या बाटल्या, सगळं हातून गेलं. शेवटची सहा वर्षं एका मॅडमच्या पीएच.डी.साठी ह्याच माश्या सांभाळल्या. थीसिसवर नाव त्यांचं, पण रात्री वीज गेली की लॅबकडं सायकल हाणायचो ती मी.

फ्रिजमध्ये चूक पेपर वाचण्यात नाही झाली, पेपर परगावचा निघाला एवढंच. ती ऑस्मिया वर्षाला एकच पिढी काढते. थंडी सुरू व्हायच्या आत कोषात पूर्ण माशी तयार होते आणि ती तशीच झोपून हिवाळा काढते. तिला थंडी लागतेच. उबेत ठेवली तर अंगातली चरबी जाळून झिजते. अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी पाळतात ती मेगाकाइल रोटुंडाटा, तुमच्या माशीची चुलत बहीण. ती माशी होऊन नाही झोपत. अळी सगळं खाते, कोष विणते आणि मग झोपते. पण तिच्यातसुद्धा काही अळ्या न झोपता त्याच उन्हाळ्यात पंख फुटून बाहेर पडतात. थंडी सोसते ती झोपलेली अळी. वाढीला लागलेली सोसत नाही.

तुमच्या कोठड्या सप्टेंबरातल्या, पाऊसपाणी झालेलं, फुलं भरपूर. त्यातल्या बहुतेक झोपल्याच नव्हत्या, वाढत होत्या. कुणी अळी, कुणी प्युपा, म्हणजे अळीची माशी होण्याच्या मधली अवस्था. धावत्या मागाचं बटण मध्येच बंद केल्यासारखं झालं ते. धागा तुटणारच. आमच्याकडं पावसाळ्यातल्या कोठड्या नुसत्या खोलीत ठेवल्या तरी अंड्यापासून साधारण पाच आठवड्यांत माशी बाहेर यायची. फ्रिज विसरा. रोटुंडाटा २९-३० अंशाला उबवतात, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा आणि मग खाली-वर जा.

आत कोण जिवंत आहे हे पान न फाडता बघायचं तर परदेशात एक्स-रे काढतात. आम्ही ओळखीच्या दंतवैद्याकडं गेलो. दाढेच्या एका फिल्मवर चार कोठड्या मावल्या. जिवंत अळी चंद्रकोरीसारखी वाकलेली दिसते, न खाल्लेला पराग नुसता ढग. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत, पेशंटच्या नावापुढं ‘कु. माशी’ लिहिलं.

तिन्ही नर निघाले त्यात नवल नाही. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, आणि कुठं कोणतं घालायचं ते आईच्या हातात असतं. ती नळीच्या तळाला मुली ठेवते, तोंडाशी मुलगे. मुलगे आधी बाहेर पडतात, मागच्यांची वाट अडत नाही. नळी आखूड असली की मुलग्यांचीच भरती. कांडीचं भोक किती खोल आहे? माझ्या अंदाजानं तिच्यात दोन-तीन कोठड्यांच्या वर मावत नसतील. मादी हव्या असतील तर वीतभर नळी पाहिजे, तळ बंद, भोक पेन्सिल जाईल एवढं. आत बटर पेपरची सुरळी घाला, पेन्सिलीवर गुंडाळून. माशी सुरळीत बांधते, तुम्ही सुरळी अलगद ओढून घ्यायची. एरंड चिरायला नको, बांबू फोडायला नको, आणि कुठली कोठडी कितवी ते पेन्सिलीनं कागदावरच लिहिता येतं.

आता अंड्याचं. सगळ्यात जास्त बॅचेस इथंच जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधमाशीच्या अळीला दाया भरवत असतात, म्हणून लॅबमध्येही तिला रोज भरवावं लागतं. हिचं तसं नाही. आई पराग आणि मध कालवून एकदाच शिदोरी ठेवते, वर अंडं घालते, दार लावते आणि निघून जाते. अळीची पुढची सगळी वाढ त्या एका डब्यावर. म्हणजे तुमचं अर्धं काम आईनंच केलेलं असतं. तुम्ही अंडं उचलून दुसऱ्या परागावर ठेवलंत, तिथं दोन गोष्टी झाल्या असतील. एक, अंड्याची जागा सुटली. पांढरं, किंचित वाकलेलं, शेवयाच्या तुकड्याएवढं असतं ते. ब्रशचा केस लागला तरी फाटतं, आणि ओल्या परागात बुडलं तर गुदमरतं. दुसरं, दुकानातला पराग वाळवलेला, त्यात तुम्ही पाणी घातलं. नुसत्या ओल्या पिठाला बुरशी येणारच की ओ. आईच्या कालवणात तिचे स्वतःचे जंतू असतात, विरजण म्हणा. ऑस्मियाच्या एका जातीत पराग निर्जंतुक करून अळ्यांना दिला तर त्या नीट वाढल्या नाहीत, असं प्रयोगात दिसलंय.

मग करायचं काय? अंडं हलवायचंच नाही. पानांची अख्खी कोठडी उचलायची, धारदार ब्लेडनं फक्त वरची गोल झाकणं काढायची. ती सुटी चकत्यांसारखी असतात, चौथी-पाचवी निघाली की आत पिवळं चमकतं, तिथं थांबा. मग कोठडी २४ खणांच्या प्लेटमध्ये उभी ठेवा, पानाचाच पेला, वरून प्लेटचं झाकण. दिवसातून एकदा भिंगाखाली बघा, जास्त नको. पहिले दिवस काही हलत नाही म्हणून पोरं टोचून बघतात. टोचू नका. अळी मोठी होऊन काळपट बारीक लेंड्या टाकायला लागली की समजा शेवटची अवस्था आली, पुढं कोष विणणार. ती तारीख लिहा. तापमानाचा फरक दाखवायला तिचा फार उपयोग होतो.

पान सुकलं की पेला आकसतो आणि पराग दगड होतो. सोलापूरच्या मार्चमध्ये तर विचारूच नका. लॅबमधलं सोडियम क्लोराइड पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घाला, तळाशी मीठ उरलंच पाहिजे. ती वाटी आणि प्लेट एका घट्ट डब्यात ठेवा. आतली हवा ७५ टक्के दमट राहते, यंत्र लागत नाही. डबा बीओडीत, आणि डब्यात स्वतःचा थर्मामीटर. बीओडीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वीज येऊन गेली की आमचं यंत्र स्वतःच्या मनानं २५ वर जायचं.

मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, जुन्या घरांत फडताळाचे असायचे तसे. पण मुंग्यांपेक्षा वाईट मेलिटोबिया. दीड मिलिमीटरसुद्धा नसलेली गांधीलमाशीची जात, चिलटासारखी दिसते. एक मादी एका कोठडीत शिरली की तिची शेकडो पिल्लं त्या एका अळीवर वाढतात आणि मग अख्खा ट्रे संपतो. आमचा एक पूर्ण हंगाम तिनं खाल्ला. मॅडम दोन दिवस लॅबमध्ये आल्या नाहीत. बाहेरून आणलेली प्रत्येक कोठडी आधी वेगळ्या काचेच्या नळीत ठेवा, घट्ट कापसाचं बूच, पंधरा दिवस नजर. भोक पडलेलं दिसलं की ती नळी तशीच डीप फ्रीजमध्ये.

पिंजऱ्याचा नाद सोडा. चोकवाली ट्यूबलाइट आपल्याला स्थिर दिसते, माशीला ती सेकंदाला शंभरदा लुकलुकताना दिसते, आणि वाट शोधायला तिला लागणारे अतिनील किरण त्या उजेडात जवळपास नसतात. साखरपाणीसुद्धा कापसावर तिला ओळखू येत नाही. मरायला टेकलेलीला पाजायचंच तर खऱ्या फुलात थेंब सोडून द्या. आम्ही माद्यांना कधी आत आणलंच नाही. त्या गच्चीवर बांधायच्या, आम्ही बांधलेलं आत आणायचो.

चौथा_मजला, प्लगमधली माती उकरून बघा, मेन स्विच बंद करून. आत अर्धमेले कोळी किंवा अळ्या निघाल्या तर ती कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी, किंवा तिची भावकी. पिवळा, आंबूस वासाचा लगदा निघाला तर मधमाशीची भावकी, मातीनं दार लिंपणारी. दोघीही मुद्दाम अंगावर येत नाहीत. चिमटीत धरली तर मादी डंख मारेल.

सांगोल्याचा_माळ:

परिचर काका, एकदम पटलं. आमची डाळिंबाची बाग आहे, शेजारी तूर असते. तुरीच्या फुलावर ही माशी बसली की फूल खालनं दबतं आणि तिच्या पोटाखाली पिवळं भरतं. मधमाशी पायाला गोळे लावते, ही पोटाला लावते, असा फरक मी बघितलाय. बरोबर ना?

आणि एक. फवारणी संध्याकाळी करा, माश्या घरी गेलेल्या असतात, असं आम्हाला सांगतात. पण कुंपणाच्या तारेवर वाळकी काडी अडकलेली, तिला जबड्यानं चावून सात-आठ निळ्या पट्ट्यांच्या माश्या रांगेत झोपलेल्या मी सूर्य मावळल्यावर रोज बघतो. त्यांना कुठलं घर? ताई, तुमच्या प्रकल्पात औषधाचंही बघा की.

जुना_परिचर:

पोटाचं बरोबर. मेगाकाइलच्या मादीच्या पोटाखाली केसांचा ब्रश असतो, पराग त्यातच भरते. काडीवरच्या त्या बहुधा निळपट्ट्या माशीचे नर. नराला घर नसतं, मादी रात्री बिळात असते. त्यामुळं संध्याकाळची फवारणी त्यांच्यावरच पडते, तुम्ही म्हणता ते खरं आहे. औषधाच्या चाचण्यांचे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जुने नियम, २१३ आणि २१४, १९९८ साली आले, तेही मोहोळाच्या मधमाशीवरचे. पान कातरून अळीभोवती गुंडाळणारीला पानावरचं औषध किती लागतं, हे त्यात कुठून येणार? पण कांडीवाली, हे मे महिन्याच्या आत जमायचं नाही. आधी तीन तापमानं नीट करा.

कांडीवाली:

काका, खूप आभार. कांडीचं भोक मोजलं, साडेचार सेंटिमीटर. दोनच कोठड्या मावतात. म्हणजे मी सहा महिने नुसते मुलगे गोळा करत होते.

गड्ड्यातनं आल्यावर बटर पेपरच्या साठ सुरळ्या केल्या, गच्चीवर लावल्या, काही सांगोल्याच्या दादांच्या बांधावर. शेजारी करडई फुललीय, मादी येतेय. काल पहिल्या सहा कोठड्या निघाल्या. पंधरा दिवस नळीत ठेवायचं म्हणालात, पण दोन मी लगेच उघडल्या, राहवलं नाही. त्या दोन्ही वेगळ्या डब्यात ठेवल्यात, ट्रेजवळ नेल्या नाहीत. एकीत पाचव्या चकतीखाली अंडं जागेवर होतं. दुसरीत अळी निघालीय, तोंड परागात खुपसून पडलीय, भिंगाखाली आतली पिवळी रेघ दिसते. मिठाचा डबा ७४ दाखवतोय.

गाइड सरांनी येऊन बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त प्लेटवर तारीख लिहायला सांगितली. पप्पा विचारतायत की कांड्या परत मिळणार का. त्यातल्या एकीचं भोक आज सकाळी पुन्हा बंद झालंय. ही तशीच ठेवावी का सुरळी घालावी, माशी आत असताना?

जुना_परिचर:

ती राहू द्या. पप्पांना म्हणावं एक कांडी गेली समजा.