बायपासनंतर घरच्या पंगतीत कसे बसावे? (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे अनुभव हवेत)

प्रश्न — अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा

नमस्कार. माझे वय 43 असून मी साताऱ्यात एका पतसंस्थेत लेखनिक आहे. उंची 157 सेंटिमीटर आणि वजन 112 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचे माप) 45 च्या थोडा वर जातो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री यंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागते. पुण्यातील डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून गॅस्ट्रिक बायपास सुचवला आहे आणि पुढील महिन्यातील तारीखही दिली आहे. जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे खाणे कमी होते आणि मधुमेहावरही चांगला परिणाम होतो, एवढे त्यांनी चित्र काढून नीट समजावले. त्याबद्दल माझी शंका नाही.

माझी शंका स्वयंपाकघराबद्दल आहे. आमचे एकत्र कुटुंब आहे, घरात अकरा माणसे आहेत आणि वाढण्याचे काम वीस वर्षे माझ्याकडे आहे. सगळ्यांची जेवणे झाल्यावर टोपल्यात उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी मी ओट्याशी उभ्यानेच संपवते, कारण अन्न टाकवत नाही. त्याला जेवण म्हणावे की भांडी रिकामी करणे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. सासूबाईंना अजून पुरते सांगितलेले नाही आणि कार्यालयात पित्ताशयाचे ऑपरेशन असल्याचे सांगून रजा टाकली आहे. ज्या घरात ‘अजून अर्धी घे’ हेच मायेचे बोलणे असते, तिथे चार चमच्यांवर उठणाऱ्या सुनेने कसे राहावे? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी शस्त्रक्रियेआधी काय तयारी केली आणि नंतर काय जड गेले, ते कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर — हळदपेठ, सांगली

ताई, मी सांगलीच्या पेठेत एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तीन वर्षांपूर्वी माझा बायपास झाला, तेव्हा वजन 131 किलो होते आणि आज 86 आहे. तुमच्या पित्ताशयाबद्दल वाचून हसू आले, कारण मी सगळ्यांना हर्निया सांगितला होता आणि ते मला चांगलेच महागात पडले.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात चुलत भावाची वास्तुशांत होती. पंगतीत वाढपी ओळखीचे, शेजारी मामा बसलेले, आणि हर्नियाच्या माणसाला पुरी का चालू नये हे मला कोणालाच सांगता येईना. लाजेखातर पुरीचा एक घास घेतला, घाईत गिळला आणि तो छातीच्या मधोमध रुतून बसला. पाण्याने उतरेल म्हणून घोट घेतला, तर पाणीही वरच थांबले. तोंडाला फेसाळ लाळ सुटू लागली, डोळ्यांतून पाणी आले आणि मी पत्रावळीवरून उठून मांडवामागे गेलो. घास परत आल्यावर दोन मिनिटांत सगळे ठीक झाले, परंतु ‘ह्याला काहीतरी मोठे दुखणे आहे’ अशी कुजबुज पुढे दिवाळीपर्यंत पुरली. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की कार्यालयात काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, परंतु ज्यांच्या हातचे रोज खायचे आहे त्यांच्यापासून हे लपवू नये.

आता तयारीविषयी. शस्त्रक्रियेआधीचे साधारण दोन आठवडे जो कमी कर्बोदकांचा आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात, तो वजन उतरवण्यासाठी दिला आहे असे समजून मी त्यात सवलत घेत होतो. तो मुख्यतः यकृत आक्रसावे म्हणून असतो, कारण चरबीने फुगलेले यकृत जठरावर आडवे येते आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्याची वाट अडवते, हे मला उशिरा कळले. त्याच दिवसांत घास बारीक चावण्याची आणि जेवताना पाणी न पिण्याची सवय लावून घ्या, कारण जेवणानंतर अर्धा तास पाण्याला हात न लावणे हे आपल्यासारख्या तांब्या शेजारी घेऊन बसणाऱ्यांना पथ्यापेक्षा अवघड जाते.

गोडाचे वेगळे सांगतो. सातव्या महिन्यात उन्हातून आल्यावर मी अर्धा पेला उसाचा रस प्यायलो. पंधरा मिनिटांत छाती धडधडू लागली, सर्वांगाला घाम फुटला, पोटात कळा आल्या आणि दुकानातल्या पोत्यांवरच आडवे व्हावे लागले. साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते म्हणून असे होते, त्याला डंपिंग म्हणतात. तुमच्या गावचा कंदी पेढा कोणी हातावर ठेवला तर कपाळाला लावून पदरात बांधा, एवढेच सुचवतो.

विम्याचा विषय थोडक्यात सांगायचा, तर विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवलेल्या अटींनुसार बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असेल तर अशा शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. तुम्ही त्यात बसता. पॉलिसीतील प्रतीक्षा काळ तेवढा आधी तपासून पूर्वमंजुरी लेखी घ्या.

उत्तर — द्राक्षमळा, तासगाव

मी स्लीव्ह केली आहे, म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी नळी ठेवली. पाच वर्षे झाली. 104 वरून 67 पर्यंत उतरले आणि आता 78 आहे. हे मधले 11 किलो कुठून आले तेच लिहिते, कारण उतरलेल्या वजनाविषयी सगळेच बोलतात.

आमच्याकडे बेदाण्याचे शेड आहे. हंगामात प्रतवारी करायला बसले की एक बेदाणा तोंडात, पुन्हा एक तोंडात, असे दिवसभर चालायचे. भाकरी अर्धी झाली की पोट थांबवते, बेदाण्याला मात्र थांबवत नाही, कारण मऊ आणि गोड पदार्थ थोडेथोडे खाल्ले की त्या अरुंद नळीतूनही अलगद सरकत जातात. शस्त्रक्रियेने माझी भूक कमी केली होती, पण हात रिकामा असला की तोंडाकडे जाण्याची त्याची सवय तशीच राहिली. तुमचे ते उभ्याने पातेले संपवणे वाचले आणि माझे शेड आठवले. ताई, धोका पंगतीत नाही, पंगत उठल्यानंतर आहे. पंगतीत चार माणसे बघत असतात, तळाची आमटी मात्र कोणी बघत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच वाढण्याचे आणि झाकपाक करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या, निदान सहा महिने. जाऊ रागावली तर रागावू द्या.

दुसरे म्हणजे, चौथ्या महिन्यात केस गळू लागतील. फणीभर नव्हे, मुठीने. मी न्हाणीघरात बसून रडले होते. झपाट्याने वजन उतरल्यावर बहुधा असे होते आणि प्रथिने नीट घेतली तर पुढच्या काही महिन्यांत ते पुन्हा येतात, हे आधी कोणी सांगितले असते तर तेवढे रडले नसते. दंडाची आणि पोटाची कातडी मात्र लोंबते, चैत्र-वैशाखात घड्यांमध्ये घाम साचून चट्टे उठतात. तिथे जागा कोरडी ठेवणे आणि सुती कापड एवढाच इलाज मी करते. बायका भेटल्या की ‘किती वाळलीस, काही आजार आहे का’ असे विचारतात, आणि याच बायका पूर्वी बसमध्ये शेजारची जागा सोडून उठत असत. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

उत्तर — आहारतज्ज्ञ, मिरज

वरील दोन्ही अनुभवांत काही व्यावसायिक भर घालते. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता हाच शेवटचा शब्द मानावा.

पहिले साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि सुमारे दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न थोड्या प्रमाणात, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. यासाठी परदेशी पाककृती शोधण्याची गरज नाही. गाळलेले मुगाचे कढण, पातळ ताक, पुढे गूळ न घालता केलेले हुलग्याचे माडगे, मऊ अंडे, घरचे पनीर हे सगळे आपल्या चुलीवरचेच आहे. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात आणि ती सुरुवातीला केवळ जेवणातून भरत नाहीत, म्हणून प्रथिनांची पावडर लिहून देतात. पुढे धान्य सुरू झाल्यावर गव्हाची चपाती बहुतेकांना अडकते. आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी त्यामानाने सोसते, तीही आधी डाळ किंवा अंडे खाऊन झाल्यावर.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचे शोषण बायपासनंतर कमी होते. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या सोडलेले आणि वर्षा-दीड वर्षाने पायाला मुंग्या येऊ लागल्यावर परत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरी लिंबूपाणी घेत बसू नये, कारण ब-1 झपाट्याने कमी होऊन मेंदू आणि मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते.

आणखी तीन गोष्टी नेमक्या आपल्या भागासाठी लिहिते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत घेऊ नये, कारण वजन उतरण्याच्या आधीच साखर खाली येऊ लागते. मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. गुडघे दुखले की दुकानातून आणून घेतली जाणारी वेदनाशामक गोळी बायपासच्या जोडावर व्रण करू शकते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि मिश्री. सातारा-सांगलीच्या बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत, म्हणून तपासणीत ‘व्यसन नाही’ असे सांगतात. लावत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि आजच बंद करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर — अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. मिश्री लावत होते, आणि कोणी विचारले नाही म्हणून सांगितलेही नव्हते. काल फोन करून कळवले. त्यांनी तारीख पुढे ढकलली आहे.

सासूबाईंना परवा रात्री सगळे सांगितले. आधी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग ‘एवढे कापून घेण्यापरीस मी वाढायचेच बंद केले असते’ म्हणाल्या. सकाळी उठून पाहते तर देवघराशेजारच्या फडताळातून त्यांनी माझ्या थोरल्याच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढून चिंचेने घासून ओट्यावर ठेवली होती. औषधाच्या मापाने पाणी घालून मोजली, काठोकाठ साठ मिलिलिटर भरते. झाकपाक सोमवारपासून धाकट्या जाऊबाईंकडे दिली आहे. त्या रागावल्या आहेत.

आहारतज्ज्ञ ताईंना एकच विचारायचे आहे: मऊ आहाराच्या टप्प्यात एका वेळी ही वाटी पूर्ण भरावी की अर्धी?