शाखा, कार्यालय आणि आपला नगरसेवक : तुमचे अनुभव सांगा

मुंबई महापालिकेच्या आधीच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि नव्यांसाठी मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं २२७ प्रभागांत लोकांनी निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. आता पुन्हा पाट्या रंगल्यात आणि कार्यालयांसमोर खुर्च्या मांडल्या गेल्यात. म्हणून विचारावंसं वाटलं: तुमच्या भागातली शिवसेनेची शाखा किंवा भाजपचं कार्यालय, म्हणजे एकूण उजव्या वळणाच्या पक्षांचं हे गल्लीतलं जग, तुम्ही जवळून कसं पाहिलंत? तिथे वर्षभर काय चालतं? आणि निवडून आलेला माणूस तुम्हाला कामाचा हिशेब देतो का? देत असेल तर कसा?

एकच विनंती. सध्याच्या कुणाचं नाव घेऊन उणंदुणं नको. कोण निष्ठावंत, कोण गद्दार हेही नको, त्यासाठी नाक्यावरची टपरी आहे.

लालबागची लेक

शिवसेना १९६६ ची, मी तिच्यापेक्षा थोडी लहान. आमच्या चाळीच्या तोंडाशीच शाखा होती आणि शाखेबाहेर फळा. आमच्यासाठी तेच वर्तमानपत्र. उद्या पाणी पहाटे किती वाजता येणार, केईएममध्ये कुणाला कुठल्या गटाचं रक्त हवंय, कुठल्या बँकेत भरती निघाली, सगळं खडूने लिहिलेलं. लिहिणारा पोरगा चित्रकलेचा होता. वाघाच्या मिशा इतक्या मन लावून काढायचा की पाण्याची वेळ कोपऱ्यात जायची आणि बायका त्याच्या नावाने खडे फोडायच्या.

माझ्या मोठ्या भावाला नोकरी लागली ती स्थानीय लोकाधिकार समितीमुळे, म्हणजे मराठी मुलांच्या नोकऱ्यांसाठी काम करणाऱ्या शिवसेनेच्या संघटनेमुळे, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. प्रत्यक्षात तिथल्या मंडळींनी त्याच्याकडून अर्ज नीट भरून घेतला, परीक्षेची तयारी करून घेतली आणि मुलाखतीला जाताना बूट घालून जा म्हणून सांगितलं. गिरणीतून थेट घरी येणाऱ्या आमच्या बाबांना हे कुठून माहीत असणार?

संध्याकाळी भांडणं मिटवली जायची. गॅलरीत कपडे कुणी वाळत घालायचे, पागडीचे पैसे कोण देणार, दारुडा नवरा. निकाल तासाभरात. आता लोक याचं फार कौतुक करतात, पण ऐकलं नाही तर पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून तर तासाभरात मिटायचं. हा भाग गाळून सांगू नये.

जुना बोरिवलीकर

हिशेबाचं विचारलंत म्हणून लिहितो. राम नाईक १९७८ मध्ये बोरिवलीतून आमदार झाले, १९८९ पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार. दरवर्षी त्यांच्या कामाचा छापील अहवाल घरी यायचा. कुठले प्रश्न सभागृहात मांडले, कुणाला काय पत्र लिहिलं, उत्तर काय आलं. ही पद्धत त्यांच्या पक्षात, म्हणजे भाजपमध्ये, जुनी, त्याच्या आधीच्या जनसंघाच्या काळातली. रामभाऊ म्हाळगीही आमदार असताना मतदारांना असा वार्षिक अहवाल देत.

आमचे वडील लाल पेन घेऊन बसायचे. एकेका ओळीपुढे खूण: झालं, नाही झालं, बघू. मत कुणाला दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण अहवालाची गठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत असायची.

आता येतात त्या पुस्तिका आर्ट पेपरवर असतात. फोटो बघावेत, वाचायला काही नसतं. रस्त्याचं भूमिपूजन, त्याच रस्त्याचं लोकार्पण आणि मध्ये नेत्याचा वाढदिवस.

मुलुंडची वहिनी

आमच्याकडे वर्षाची सुरुवात हळदीकुंकवाने. संक्रांत ते रथसप्तमी रोज एखाद्या हॉलमध्ये कुठल्या ना कुठल्या महिला आघाडीचा कार्यक्रम, सोबत खेळ पैठणीचा. वाण म्हणून स्टीलचा डबा, त्याच्या झाकणावर ताईंचा हसरा फोटो. स्टिकर गरम पाण्यात भिजवा, तेल लावा, निघत नाही. माझ्या डाळी-कडधान्यांवर तीन पक्षांच्या ताया सुखाने नांदतायत.

लोक नाकं मुरडतात, पण मला तिथे जायला आवडतं. एका वर्षी उखाणे झाल्यावर आमच्या इमारतीतल्या आजींनी माईक हातात घेतला आणि थेट विचारलं, चौथ्या मजल्यावर पाणी का चढत नाही? आधी सगळ्या हसल्या, मग एकेक उठून तेच बोलायला लागल्या. ताईंनी तिथल्या तिथे पाणी खात्यातल्या माणसाला फोन लावला. आठवड्याभरात एक जुना व्हॉल्व्ह बदलला गेला. अर्ज आमचा कितीतरी आधीपासून पडून होता.

नाव नको

आमच्या प्रभागात महिला आरक्षण पडलं आणि बाई निवडून आल्या. कार्यालयात खुर्चीवर बसायचे साहेब, म्हणजे त्यांचे यजमान. फोन तेच उचलायचे, बॅनरवर दोघांचे फोटो सारख्याच मापाचे. बाई एकदाच एकट्या भेटल्या, भाजी घेताना. नालेसफाईबद्दल विचारलं तर कुठल्या नाल्यातून किती गाळ काढला, कंत्राटात काय लिहिलंय, सगळं तोंडपाठ. मग कार्यालयात का बसत नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पन्ना प्रमुख, घाटकोपर

मी भाजपचा बूथवरचा कार्यकर्ता. पन्ना म्हणजे मतदारयादीचं एक पान. त्या पानावरची घरं माझी. कोण वारलं, कोण विरारला राहायला गेलं, कुणाच्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, हे मला माहीत असायला हवं. ६ एप्रिलला पक्षाचा स्थापना दिवस, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘मन की बात’ एकत्र ऐकायची, मधेमधे रक्तदान, वह्यावाटप, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची यादी. उत्तनला म्हाळगी प्रबोधिनीत प्रशिक्षणालाही गेलो होतो. तिथे समुद्राचा वारा आणि दुपारच्या जेवणानंतरचं बौद्धिक, जागं राहणं हीच परीक्षा. तरी सभेचं इतिवृत्त कसं लिहावं ते मी तिथेच शिकलो, आता सोसायटीत उपयोगी पडतं.

जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा कार्यालयाचं पोस्ट ऑफिस झालं. आधार, बँकेचं पासबुक, हमीपत्र, ओटीपी. कितीतरी मावश्यांचा मोबाईल मुलाकडे आणि मुलगा कामावर. ओटीपी यायचा अंधेरीत, अर्ज भरायचा घाटकोपरात. समोरच्या पक्षाच्या कार्यालयातही तेच चाललं होतं बरं का. त्यांचे नेते टीव्हीवर योजनेला नावं ठेवत होते आणि पोरं टेबल टाकून अर्ज भरत होती. आमचा स्टेपलर बिघडला तेव्हा त्यांचाच आणला.

गोरेगावचे सेक्रेटरी

मला मधल्या चार वर्षांबद्दल लिहायचंय, कारण त्यावर फार कुणी बोलत नाही.

आमच्या सोसायटीमागे नाला आहे आणि त्याची संरक्षक भिंत खचत होती. पूर्वी रस्ता ठरलेला: नगरसेवकाला गाठायचं, तो वॉर्ड ऑफिसात अभियंत्याला घेऊन बसायचा, नाहीच झालं तर प्रभाग समितीत विषय काढायचा. तिथे अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं आणि ते कागदावर यायचं. प्रशासक आले आणि ही पायरीच निघून गेली. कार्यालय उघडं होतं, पाटीवर ‘नगरसेवक’च्या आधी बारीक अक्षरात ‘माजी’ आलं. माणूस तोच, तितकाच राबणारा. स्वतःच्या खिशातून चहा पाजायचा. लेटरहेडवर पत्रही द्यायचा. अभियंता पत्र घ्यायचा, ‘कळवतो’ म्हणायचा आणि कळवायचा नाही. कारण विचारणार कोण?

आमदारांकडे गेलो. त्यांच्याकडे रांग दुप्पट, कारण २२७ जणांचं काम ३६ आमदारांवर येऊन पडलं होतं. २०२३ मध्ये तर पालकमंत्र्यांनी थेट पालिका मुख्यालयातच कार्यालय थाटलं, त्यावरून माजी नगरसेवकांनी गदारोळही केला. कुणाच्या पक्षाची सत्ता आहे यावर गटार ठरायला लागलं की आमच्यासारख्यांनी काय करायचं? उजव्या विचाराला मत देणारा मी, तरीही सांगतो, त्या काळात आमच्याच माणसांनी निवडणूक मागण्यासाठी रस्त्यावर यायला हवं होतं. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्ट अशी कारणं खरी होती, पण घाई कुणालाच दिसत नव्हती.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. खड्ड्याच्या तक्रारी मोबाईलवरून केल्या तर उलट लवकर सुटायच्या. मध्ये कुणाला श्रेय द्यायचं नव्हतं ना! भिंत मात्र अशी सुटत नाही. तिला निविदा लागते, निधी लागतो, कुणीतरी पाठीस लागावं लागतं. दर पावसाळ्यात आम्ही वाळूच्या गोण्या रचत राहिलो.

शिवाजी पार्कजवळ

२०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंद्यांच्या गटाकडे दिलं. टीव्हीवर ते राजकारण होतं, आमच्याकडे शाखेची किल्ली कुणाकडे आणि कपाट कुणाचं असा प्रश्न होता. कपाटात रुग्णवाहिकेच्या पावत्या आणि दहीहंडीचे टी-शर्ट. माझे दोन काका, एकेकाळी एकाच बाकावर बसणारे, आता दसऱ्याला दोन गटांच्या मेळाव्यांसाठी दोन वेगळ्या मैदानांकडे निघतात. जेवायला मात्र एकाच घरी, आणि वाढणारी काकू दोघांनाही सांगते की शाखेतला दाखल्यांचा माणूस परत आणा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

ग्रुपमधली

आमच्या नव्या नगरसेवकांनी ‘आपला प्रभाग’ नावाचा ग्रुप काढलाय. फक्त अॅडमिन लिहू शकतात. सकाळी सुविचार, दुपारी जेसीबीचा फोटो, रात्री त्याच जेसीबीचा व्हिडिओ गाण्यासह.

पार्लेकर

मंडळी, प्रजा फाउंडेशनचं प्रगतिपुस्तक बघत चला. लोकप्रतिनिधींची उपस्थिती किती, प्रश्न किती विचारले, कशावर विचारले, असा हिशेब तिथे असतो. पार्ल्यात विचारसरणीवर बोलणारे पुष्कळ. १९८७ च्या पोटनिवडणुकीत इथेच हिंदुत्वावर मतं मागितली गेली आणि पुढे न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली, तो वाद अजून कट्ट्यावर ताजा आहे. पण आपल्या नगरसेवकाने सभागृहात शेवटचा प्रश्न कशावर विचारला हे विचारलं तर सगळे एकदम ट्रॅफिकवर बोलायला लागतात.

गोरेगावचे सेक्रेटरी

वरती लिहिलेल्या भिंतीसाठी नव्या नगरसेविकांना भेटून आलो. पाटीवर भेटीची वेळ लिहिलीय आणि त्या वेळेला त्या स्वतः तिथे होत्या. जुन्या सगळ्या पत्रांच्या प्रती मागितल्या, आम्ही फाइलच नेली होती. पावसाळ्यापूर्वी काम होणार नाही, असं तोंडावर सांगितलं. प्रभाग समितीत विषय कधी घेतात ते तारखेसह कळवा म्हणालो, तर वहीत लिहून घेतलं. सोसायटीच्या फलकावर मीही लिहून ठेवलंय. यंदाच्या गोण्यांची ऑर्डर दिली आहे.