पीडीपी-११/७३ ला डिस्क वाढवायचीय, कुठलं कंट्रोलर कार्ड घेऊ?

सातपूरकर_७३: नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. बाबा सातपूर एमआयडीसीत ज्या कारखान्यात होते तिथून मायक्रो पीडीपी-११/७३ (डेक कंपनीचा जुना मिनीकॉम्प्युटर) भंगारात निघत होती ती मी उचलून आणली, बीए२३ बॉक्स, डिस्क चालवणारं आरक्यूडीएक्स३ कार्ड आणि ७१ एमबीची आरडी५३ हार्ड डिस्क. आरटी-११ (तिची ऑपरेटिंग सिस्टीम) बूट होतं पण कधी होतं कधी नाही, डिस्क फिरते आणि रेडी येतच नाही. बाबांचे फोरट्रानचे प्रोग्राम त्यावर आहेत, ते जायला नकोत. जागाही वाढवायचीय. बाहेरच्या कंपनीचं स्कझी (डिस्क जोडायची दुसरी पद्धत) कार्ड टाकू का?

गोदाकाठ: दादा आधी मशीन बंद करा आणि कार्डाचं नंतर बघू. आरडी५३ म्हणजे आतून मायक्रोपोलिस १३२५, तिच्यात डिस्क वाचणाऱ्या हेडच्या स्टॉपरचं रबर जुनं झालं की डांबरासारखं चिकट होतं आणि हेड तिथेच अडकून बसतं, तुमचं लक्षण तेच वाटतंय. एक दिवस ती उठणारच नाही. आता ज्या दिवशी बूट होईल त्या दिवशी बाकी काही न करता सीरियलवरून केर्मिट या फाइल पाठवायच्या प्रोग्रामने बाबांच्या फाइल्स आधी काढा. अख्खी डिस्क नको, सीरियलच्या ९६०० बॉड वेगावर ७१ एमबी म्हणजे वीस तासांच्या वर जातात, आणि इथे पावसाळ्यात लाइटचा काही भरवसा नाही.

जुनं_लोखंड: +१. आणि ती डिस्क दुसऱ्या कार्डावर लावून बघू नका, आरक्यूडीएक्स२ आणि ३ चं फॉरमॅटसुद्धा एकमेकांना चालत नाही.
कार्डाचं म्हणाल तर एम्युलेक्स यूसी०७ किंवा सीएमडीचं सीक्यूडी-२२०, जे चालू हालतीत मिळेल ते. दोन्ही डेकची डिस्कशी बोलायची भाषा एमएससीपी बोलतात त्यामुळे आरटी-११ ला ती साधी डीयू डिस्कच (अशा डिस्कचं आरटी-११ मधलं नाव) दिसते, नवीन ड्रायव्हर लागत नाही. पुढे जुनी स्कझी डिस्क शोधत बसू नका, ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी हा स्कझी डिस्कचं सोंग घेणारा बोर्ड लावून एसडी कार्ड वापरा. फक्त जुनं कार्ड आत ठेवणार असाल तर दोन्ही १७२१५० या एकाच पत्त्यावर ठेवू नका, एकाचा पत्ता बदला.

सातपूरकर_७३: मग २ जीबीचं कार्ड टाकलं तर सगळी जागा मिळेल ना?

जुनं_लोखंड: एका तुकड्यात नाही. आरटी-११ मध्ये एका व्हॉल्यूमला ६५५३६ ब्लॉक, म्हणजे ३२ एमबी. सेट कमांडने डीयू१ ला युनिट ० पार्ट १ असं देत एकेक पार्टिशन जोडायचं. बाबांचं काम एका पार्टिशनमध्ये मावेल बहुतेक.

गोदाकाठ: अजून एक, माझे दोन रविवार यात गेलेत म्हणून कळकळीने सांगतो. क्यू-बसमध्ये (सगळी कार्डं जिथे लागतात तिथे) प्रोसेसर आणि कार्डाच्या मधे रिकामा स्लॉट ठेवू नका, कार्डाकार्डातून पुढे जाणारी परवानगीची म्हणजे ग्रँटची साखळी तुटते. ओडीटीत (मशीनच्या तपासणी कन्सोलवर) १७७७२१५० (तोच १७२१५०, पूर्ण लिहिलेला) टाकलं की कार्ड उत्तर देतं म्हणून वाटतं सगळं ठीक आहे, पण डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) आणि इंटरप्ट पोचत नाहीत आणि बूट लटकतं. बीए२३ मध्ये वरचे तीन स्लॉट सोडले की खाली साखळी नागमोडी जाते, तिथेच मी फसलो होतो. जागा उरलीच तर एम९०४७ ग्रँट कार्ड लावा, माझ्याकडे एक जास्तीचं आहे.

जुनं_लोखंड: आणि स्कझी कार्ड परवडत नसेल तर बीगलबोन या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा एमएफएम एम्युलेटर बघा, तो आरडी५३ सारख्या जुन्या (एमएफएम) डिस्कच्या जागी बसतो. आरक्यूडीएक्स३ तसंच राहतं, आणि डिस्क फिरली तर त्याच बोर्डाने तिची पूर्ण इमेजही निघते. मला तुमच्यासाठी हाच रस्ता जास्त पटतो, जागा नंतर वाढवता येईल.

सातपूरकर_७३: पटलं. आधी एम्युलेटरच मागवतो. बाबांना विचारलं तर त्यांना फाइलींची नावं अजून पाठ आहेत, वहीत लिहून दिली. गोदाकाठ, तुम्ही इंदिरानगरच्या बाजूला असाल तर ग्रँट कार्ड घ्यायला रविवारी येऊ का?

गोदाकाठ: या की, बाबांनाही आणा.