फिन्सबरीच्या ५ मतांचं श्रेय इंग्रजांच्या उदारपणाला?

गिरगावकर: परवा कोणीतरी लिहिलं, '१८९२ ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाने दादाभाई नौरोजींना ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून दिलं, यातच इंग्रज जनतेचं मोठं मन दिसतं.' वाचून राहवलं नाही. दादाभाई २९६१, कॉन्झर्व्हेटिव्ह पेंटन २९५६. फरक ५ मतांचा! आणि १८९५ ला त्याच मतदारसंघाने त्यांना पाडलं. इंग्रज मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देईल असं वाटत नाही, हे तर पंतप्रधान सॉल्झबरी १८८८ मध्येच जाहीर सभेत बोलले होते. याला मोठं मन म्हणायचं?

थेम्सकाठी: १८९५ ला दादाभाईंचा लिबरल पक्षच देशभर आपटला. तो पराभव रंगावर ढकलू नका. आणि २९६१ लोकांनी सॉल्झबरींना खोटं ठरवलंच ना? त्याच फिन्सबरी भागातल्या क्लार्कनवेलमध्ये आज नौरोजी स्ट्रीट आहे, मी तिथून कामाला जाते.

पोलिंगएजंट: माझे वडील प्रभागात अगदी थोडक्या मतांनी पडले. तेव्हा फरक किती, हे कोणी विचारलं नाही. जिंकला तो जिंकला. ५ मतं कमी वाटतात त्यांनी एकदा मतमोजणीला बसून बघा.

जुनी_मुंबई: सगळे दादाभाईंवरच अडकलेत. मंचेरजी भावनगरी? तेही मुंबईचेच पारशी. त्याच १८९५ मध्ये लंडनच्याच नॉर्थ ईस्ट बेथनल ग्रीनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आले, १९०० ला पुन्हा आले. त्यांचं नाव घ्यायला लाज वाटते का?

गिरगावकर: हो, वाटते. काँग्रेसला विरोध करून साम्राज्याची तळी उचलणारा माणूस!

जुनी_मुंबई: दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी पार्लमेंटमध्ये कोण भांडलं, ते आधी वाचा. राजनिष्ठ म्हणजे गद्दार, हे समीकरण आता पुरे.

गिरगावकर: बरं, आफ्रिकेचं मान्य. तेवढंच.

थेम्सकाठी: भावनगरींच्या नादात मूळ प्रश्न राहिला. दादाभाईंनी प्रचारात आयर्लंडच्या होमरूलची (स्वराज्याची) बाजू घेतली होती. लोकांनी पक्ष आणि भूमिका बघून मत दिलं.

गिरगावकर: मग मीही तेच म्हणतोय! श्रेय दादाभाईंच्या चिकाटीचं. १८८६ ला लंडनच्याच हॉबर्न मतदारसंघात हरूनही ते मागे हटले नाहीत. आणि निवडून येऊन काय झालं? आयसीएसची (वरिष्ठ सनदी नोकरीची) परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव १८९३ मध्ये पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने ८४ विरुद्ध ७६ असा मंजूर केला. सरकारने तो बासनात गुंडाळला. मोठं मन होतं तर तिथे दिसायला हवं होतं.

पोलिंगएजंट: ठरावाचं पटलं. ५ मतांचं अजून पटलेलं नाही.