लोरेटा लिन : गिटार नवऱ्याची, गाणी तिची

लोरेटा लिन ही अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ संगीतातली गायिका. ‘तिला तिच्या नवऱ्यानेच घडवलं’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. १९५३ मध्ये नवऱ्याने, डूलिटलने, तिला हार्मनी कंपनीची १७ डॉलरची गिटार आणून दिली आणि लोकांसमोर गायला भाग पाडलं, हे खरंच. पण गिटार ती स्वतःची स्वतः शिकली. पंधराव्या वर्षी लग्न, मग केंटकीतलं माहेर सोडून थेट वॉशिंग्टन राज्यात संसार, पदरात लहान मुलं. त्यातून वेळ काढून ती गाणी रचत होती. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोघं गाडीत बसून रेडिओ स्टेशनं पालथी घालत गेली आणि गाणं ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकावर पोचलं.

आणि ते शब्द! ‘कोल मायनर्स डॉटर’ (कोळसा खाणकामगाराची मुलगी) या तिच्या गाण्यात धुण्याच्या फळीवर कपडे घासून रक्ताळलेली आईची बोटं आहेत, डुक्कर विकून आलेल्या पैशांतून थंडीत मिळणारे नवे बूट आहेत. केंटकीतल्या बुचर हॉलोच्या त्या खोपटात वाढलेल्या मुलीलाच हे सुचणार. डूलिटलला कुठून सुचणार?

त्याचं दारू पिणं, बाहेरख्यालीपणा हेही तिने गाण्यांत आणलं. १९७५ मध्ये संततिनियमनाच्या गोळीवरचं ‘द पिल’ आलं, तेव्हा अनेक स्टेशनांनी ते वाजवायलाच नकार दिला. तरी ते कंट्री यादीत पहिल्या पाचांत गेलं. हे धाडस तिचं एकटीचं होतं, ते श्रेय तिलाच द्या.