मदत हवी आहे: नदीचं पाणी कुठं तपासून मिळेल? अर्जंट

कृष्णाकाठचा
मासे मेलेत. पाणी काळं, वर फेस. माणसं आली, बघून गेली, 'रिपोर्ट येईल' म्हणाली. मला आता स्वतःच तपासून घ्यायचंय. बाटली भरून फ्रिजात ठेवलीय. लॅब कुठली, पैसे किती पडतील, टेस्ट कुठली सांगायची? पाण्यात केमिकल आहे एवढं सिद्ध झालं की बास. लवकर सांगा, उसाला पाणी सोडायचंय.

शहापूरकर
कुठली नदी, कुठलं गाव ते तरी सांगा की. मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी? आमच्याकडं बळ्ळारी नाल्याचं घाण पाणी शिवारात शिरूलालंय, त्याच्यावर कोण बोलतंय काय?

कृष्णाकाठचा
नावातच आहे की कृष्णा. चिकोडी तालुका, मांजरीच्या खालच्या अंगाला.

रसायनवाली
दादा, 'केमिकल आहे का' अशी टेस्ट कुठल्याच लॅबमध्ये नसते. आधी एवढं सांगा. मासे कधी मेलेले दिसले, पहाटे की दुपारी? कुठले मासे? बाटली कसली, भरून किती दिवस झाले? आणि काळं पाणी नदीतूनच वरून आलं की एखाद्या ओढ्यातून?

ऊसवाला_रायबाग
एवढं डोकं कशाला लावताय. डोहात चुना मारा. माझ्या विहिरीचा वास असाच गेला.

रसायनवाली
नदीत चुना अजिबात टाकू नका! सांडपाण्यात अमोनिया असतो. चुन्यानं पाण्याचा सामू वाढला की त्याचा माशांना मारणारा भाग वाढतो. राहिलेलेही जातील.

ऊसवाला_रायबाग
माझ्या विहिरीत मासे नव्हते, वास होता. तो गेला. पुढं तुम्ही शहाणे.

कृष्णाकाठचा
पहाटे. आधी वर येऊन तोंड उघडत होते, उजाडेपर्यंत आडवे. रोहू, कटला, चिलापी. मरळ मेलेली कुणी बघितली नाही. बिसलरीची बाटली, रविवारी भरली. ओढा वरच्या अंगाला आहे पण तो कायमचाच. लॅबचं नाव सांगा ना कुणीतरी.

रसायनवाली
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती तगते. मरळीसकट सगळेच गेले असते तर मी आधी विषाचा संशय घेतला असता. इथं पहिला संशय सेंद्रिय घाणीचा: मळी, स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी), गावाचं सांडपाणी. ती कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. स्पेंट वॉशचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतो, आणि आंघोळीच्या नदीपाण्याला मर्यादा आहे ३ मिलिग्रॅमची.

तुमच्या बाटलीचा उपयोग नाही. विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर नमुन्यात नदीवरच रसायनं घालून तो बांधून ठेवावा लागतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत लॅबला लागतो, नंतर २७ अंशांवर ३ दिवस. तेव्हा आधी लॅबला फोन करा, बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. ओढ्याच्या वर एक आणि खाली एक असे एकाच दिवशी दोन नमुने. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

लाट वाहून गेली असली तरी गाळ तिथंच असतो. जड धातू गाळात बसतात, म्हणून दोन्ही ठिकाणचा गाळही द्या. बंधाऱ्याखाली दगड असतील तर उलटे करून बघा. मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्याच्या, शेपटीला तीन धागे असलेल्या अळ्या वर आहेत, खाली नाहीत आणि नुसत्या तांबड्या अळ्या आहेत, असं दिसलं तर घाण जुनी आहे, परवाची नाही. हे बघायला पैसे पडत नाहीत.

शिरोळचा_पाहुणा
ओढा कशाला धरताय? पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत मिळते. इचलकरंजीचं सगळं रंगाचं पाणी तुमच्याच दारात.

सायझिंगवाला
झालं, आलं आमच्यावर. त्या बाईंनी एवढं लिहिलं ते वाचलं का? रंगानं आणि मिठानं मासे असे पहाटे तोंड उघडून मरत नाहीत. दोन्ही काठांवर साखर कारखाने किती ते आधी मोजा, मग गावागावांची गटारं.

शिरोळचा_पाहुणा
म्हणजे तुमचं पाणी गंगाजल म्हणायचं.

मांडवीतीर
समुद्राचंही बघा. बोटींच्या रंगात टीबीटी म्हणून कथिलाचं संयुग असायचं, त्यानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायचे. २००८ पासून जगभर बंदी आहे. खानापूरची म्हादई आमच्याकडंच समुद्राला मिळते, तिच्यात काही सोडाल तर...

शहापूरकर
भाऊ, कृष्णा पूर्वेला जाते, आंध्रात हंसलदीवीला. गोव्याचा काय संबंध?

कोर्टाची_पायरी
खासगी लॅबचा रिपोर्ट तुमच्या समाधानासाठी आणि पेपरात द्यायला ठीक. खटल्यात चालतो तो १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळानं घेतलेला नमुना. सोडणाऱ्याला नोटीस, त्याच्यासमोर दोन भाग, दोन्हींना सील. म्हणून बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि आधी येऊन गेलेल्यांचा रिपोर्ट माहिती अधिकारात मागा. घाण महाराष्ट्रातून आली असं निघालं तर केंद्रीय मंडळालाही प्रत पाठवा. हरित लवादात कर्नाटकाला चेन्नईचं खंडपीठ, महाराष्ट्राला पुण्याचं. सीमेवर हीच गोची.

शहापूरकर
अर्ज मराठीत दिला तर घेणार काय? आधी ते सांगा.

कोर्टाची_पायरी
कन्नड किंवा इंग्रजीत द्या. मासे मेल्यात हो, सीमाप्रश्न नंतर.

शहापूरकर
नंतर नंतर म्हणत १९५६ पासून ऐकूलालोय.

कृष्णाकाठचा
पाणी ओढ्याच्या वर निवळ आहे, आत्ता बघून आलो. खाली काळंच. फोटो काढलेत. पण उसाला सोडू की नको ते कुणीच सांगितलं नाही.

रसायनवाली
ओढ्याखालचं सोडू नका. त्याच लॅबला ईसी, म्हणजे पाण्यातले क्षार, आणि सोडियमचं प्रमाण, म्हणजे एसएआर, काढायला सांगा. शेतीच्या पाण्याला ईसीची मर्यादा २२५० मायक्रोसिमेन्स आहे, पण तुमच्याकडच्या काळ्या रानात निचरा नाही, तिथं त्याच्या निम्म्यालाही मी बिचकेन. जनावरांनाही वरच्या अंगालाच न्या. आणि ओढ्याच्या काठानं वर चालत जा, बरोबर दोघंतिघं घेऊन. काळं पाणी कुठून सुरू होतंय ते दिसेलच.

कृष्णाकाठचा
ओढ्यावर कुणाचं काय आहे ते गावात सगळ्यांना माहीत आहे हो ताई. म्हणून तर लॅब विचारतोय.

ऊसवाला_रायबाग
विहीर काढा एक. नदीची कटकटच नको.