आजोबांचं वेब्ली: निकामी करून जपावं की चालू ठेवावं?

द्राक्षबागवाला (निफाड, सध्या नाशिकरोड)
वडील गेल्या वर्षी गेले. त्यांची बाराबोअर बंदूक आणि आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्वर आता माझ्या नावावर व्हायचं आहे. माझं स्वतःचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी मर्यादा तीनावरून दोनावर आली आणि वारसाने आलेली शस्त्रंही त्यातच मोजतात. म्हणजे काही केलं नाही तर एक घराबाहेर जाणार.

माझं मत स्पष्ट आहे. वेब्ली रीतसर परवानगी काढून कायमचं निकामी करावं आणि घरातच ठेवावं. दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुन्या घडणीचं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मुळे त्या कायद्यातून वगळलं जातं. संग्राहकाला बार काढायचा नसतो, वस्तू राखायची असते.

आणि वस्तू राखण्यासारखीच आहे. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, मार्क फोर, .३२. दुसऱ्या महायुद्धात याच घडणीच्या .३८ वर कारखान्याने चक्क ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारला होता, कारण घासूनपुसून झिलई द्यायला वेळच नव्हता. आमचं युद्धानंतरचं. नळीवर मुकुटाखाली ‘बीएनपी’ हा १९५४ च्या नियमांनंतरचा चाचणी-शिक्का आहे. झिलई अशी, की उजेडात धरलं तर काळ्याखालून निळं दिसतं. अंगठ्याने कडी दाबली की नळी खाली झुकते, मागून तारा (पुंगळ्या ढकलणारी ताऱ्याच्या आकाराची चकती) वर येतो आणि काडतुसांच्या सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. लासलगावला कांद्याची पट्टी घेऊन आजोबा रात्री बैलगाडीने परतायचे, तेव्हा ते त्यांच्या कमरेला असायचं.

गंगापूररोडकर
दादा, तुमची तळमळ कळते, पण निर्णय साफ चुकतोय. निकामी केलेलं रिव्हॉल्वर म्हणजे पेंढा भरलेला वाघ. तुम्ही ज्या कडीचं आणि ताऱ्याचं इतकं वर्णन केलंत, ती यंत्रणा चालते म्हणूनच ती वस्तू आहे.

हिशेब बघा. बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १९७९ मध्ये बंदुका बनवणं थांबवलं. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणजे देशात बर्मिंगहॅमची जी आहेत तेवढीच, एक निकामी केलं की एक कायमचं कमी झालं. उलट तुमचं कानपूरचं .३२ वेब्लीच्याच घडणीवरून बेतलेलं आहे आणि नवं आजही मिळतं. ते परवानाधारक विक्रेत्याला द्या. मूळ ठेवायचं सोडून नक्कल काय जपताय?

रामकुंडाजवळची
तुम्ही दोघं नाण्यांबद्दल बोलावं तसं बोलताय. अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास चालतो, तिथलं नाणं पोराच्या हाती लागलं तर फार तर हरवेल. माझ्या मामेभावाने जुनं रिव्हॉल्वर पुसायला घेतलं, ‘रिकामंच आहे’ म्हणाला. एक गोळी चक्रात राहिली होती. डाव्या तळहातातून आरपार गेली. आजही त्याची दोन बोटं मिटत नाहीत.

घरात चालू शस्त्र हौस म्हणून ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं. निकामी करताय ते उत्तम. गंगापूररोडकरांनी ‘कमी झालं’ म्हणून हळहळण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही.

गंगापूररोडकर
ताई, वाईट वाटलं वाचून. पण तो हलगर्जीपणा होता. चक्र उघडून, सहाही घरं बोटाने चाचपून मगच फडकं लावायचं, हे मी माझ्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवलं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

रामकुंडाजवळची
त्यालाही शिकवलं होतं.

जुना नाशिककर
मला तिसरंच म्हणायचंय. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल इतिहासात आहे, कारण ते कुठून आलं आणि कोणाच्या हातात होतं याची नोंद खटल्यात झाली. लोखंडाला किंमत कागदामुळे येते. द्राक्षबागवाले, आजोबांची खरेदीची पावती, जुनं परवाना-पुस्तक आहे का? नसेल तर चालू ठेवा नाहीतर निकामी करा, पन्नास वर्षांनी ते कोणाचंही रिव्हॉल्वर असेल.

द्राक्षबागवाला
परवाना-पुस्तक आहे, पावती नाही. पुस्तकात दर नूतनीकरणाचा शिक्का आहे आणि शस्त्राचा क्रमांक आजोबांच्या अक्षरात समासात परत लिहिलाय. जुना नाशिककर, हे डोक्यातच आलं नव्हतं. ते पान आजच स्कॅन करतो.

गंगापूररोडकर, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण एक सांगतो. निवडणूक आली की बहुतेकदा शस्त्र जमा करायला सांगतात. मागच्या खेपेला परत मिळालं तेव्हा त्या निळ्या झिलईवर बोटभर लांब ओरखडा होता, सुतळीने चिठ्ठी बांधून इतरांच्या बंदुकांसोबत रचून ठेवलं होतं. आजोबांनी कित्येक पावसाळे गंजू दिलं नाही. चामड्याच्या म्यानात ओल धरते म्हणून ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, आणि म्यान वेगळं खुंटीला. चालू ठेवलं तर निवडणुकीला ते पुन्हा त्या ढिगात जाणार. मला ते बघवत नाही.

आणि ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. कपाटाची किल्ली कुठे असते ते त्याला ठाऊक आहे, हे मला परवा कळलं.

निकामीच करतोय. पण त्याआधी ताऱ्याची, कडीची उघडझाप व्हिडिओत घेऊन ठेवेन. गंगापूररोडकर, तेवढ्यासाठी रविवारी याल का? तुमच्याइतकं हळुवार ते कोणी उघडणार नाही.

गंगापूररोडकर
मला पटलेलं नाही. पण येतो.